ह्यूलेट-पॅकार्ड व कॉम्पॅक : एका महागड्या संपादनाविषयी भागधारकांची मते (२००१–२००२)

उद्योगधंद्यांचा इतिहास लिहिताना एखाद्या कंपनीने दुसरी कंपनी भारी किंमत देऊन आपल्यात सामावून घेतल्याचा प्रसंग आला, की लेखक बहुधा एका वाक्यात गुंतवणूकदारांची वासलात लावतो. गुंतवणूकदारांना हा व्यवहार पसंत पडला नाही, किंवा त्यांनी त्याचे स्वागत केले, असे ते वाक्य असते. या वाक्याचा कर्ता कोण, याची चौकशी क्वचितच होते. शेअरचा भाव उतरला म्हणून नापसंती, चढला म्हणून पसंती, एवढ्याच पुराव्यावर ते विधान उभे असते. हा पुरावा कितपत विश्वसनीय आहे हे पाहावयाचे तर भावाखेरीज दुसराही पुरावा ज्या प्रसंगी उपलब्ध आहे, असा प्रसंग निवडणे अवश्य ठरते. अमेरिकेतील ह्यूलेट-पॅकार्ड कंपनीने २००१–२००२ मध्ये कॉम्पॅक ही संगणक-कंपनी घेतली, तो प्रसंग या दृष्टीने विशेष महत्त्वाचा आहे. त्यात बाजाराने भावाच्या रूपाने साक्ष दिली, भागधारकांनी मतांच्या रूपाने दिली, आणि मतदान कसे झाले याविषयी न्यायालयात शपथेवर जबान्याही झाल्या. या साक्षी परस्परांशी जुळत नाहीत. त्या का जुळत नाहीत, हाच येथे विचाराचा विषय आहे.

ह्यूलेट-पॅकार्डची स्थापना १९३९ साली कॅलिफोर्नियातील पालो आल्टो या गावी झाली. विल्यम ह्यूलेट व डेव्हिड पॅकार्ड या दोन तरुण अभियंत्यांनी एका घरामागील मोटारखोलीत ५३८ डॉलरांच्या भांडवलावर विद्युत्-मापनाची उपकरणे करावयास आरंभ केला. पुढील साठ वर्षांत या कंपनीने उपकरणांवरून संगणकांकडे आणि संगणकांवरून प्रिंटरांकडे मजल मारली. पॅकार्ड १९९६ साली व ह्यूलेट जानेवारी २००१ मध्ये निवर्तले. तथापि दोन्ही घराण्यांकडे व त्यांनी स्थापिलेल्या धर्मादाय न्यासांकडे मिळून कंपनीचे सुमारे १८ टक्के शेअर होते. एकट्या पॅकार्ड प्रतिष्ठानाचा हिस्सा दहा टक्क्यांहून थोडा अधिक होता. इतक्या मोठ्या व जुन्या कंपनीत संस्थापकांच्या वारसांचा एवढा वाटा असणे ही अमेरिकेत विरळा आढळणारी गोष्ट होय. पुढील संघर्षाचे स्वरूप तिच्यावाचून समजत नाही.

१९९९ साली संचालक मंडळाने ल्यूसेंट कंपनीतून श्रीमती कार्ली फिओरिना यांना मुख्याधिकारी म्हणून आणले. त्याच वर्षी मापन-उपकरणांचा मूळ धंदा ॲजिलेंट या नावाने वेगळा काढण्यात आला. पुढील वर्षी प्राइसवॉटरहाउसकूपर्स या हिशेबनीस पेढीचा सल्लागारीचा धंदा सुमारे १८ अब्ज डॉलरांस घेण्याची बोलणी झाली. ती बाजारास रुचली नाहीत, आणि नोव्हेंबर २००० मध्ये श्रीमती फिओरिना यांनी ती सोडून दिली. हाच धंदा आय.बी.एम.ने २००२ साली सुमारे साडेतीन अब्ज डॉलरांस घेतला. बाजाराची नापसंती या वेळी कंपनीच्या फायद्याची ठरली, हे कॉम्पॅकच्या विरोधकांच्या मनात निश्चितच असले पाहिजे.

कॉम्पॅकची कथा याहून अल्प व वेगवान आहे. टेक्सस इन्स्ट्रुमेंट्स सोडून आलेल्या तिघांनी १९८२ साली ती ह्यूस्टन येथे काढली. आय.बी.एम.च्या संगणकाशी तंतोतंत जुळणारा, परंतु हाती नेता येण्याजोगा संगणक करून तिने नाव मिळविले. १९९७ साली तिने टँडम ही कंपनी घेतली व १९९८ साली ९.६ अब्ज डॉलरांस डिजिटल इक्विपमेंट ही त्या धंद्यातील जुनी, मातब्बर कंपनी घेतली. डिजिटलचा घास तिला नीट पचला नाही. २००१ साली संगणकांची मागणी घसरली असताना, मधले दुकानदार गाळून थेट ग्राहकास माल विकणाऱ्या डेल कंपनीने दर पाडले, आणि कॉम्पॅक अडचणीत आली. मोठ्या संगणक-कंपन्या जोडल्याने मोठे यश पदरी पडत नाही, या मताचे उदाहरण म्हणून पुढे कॉम्पॅकचाच दाखला देण्यात आला. विकावयास निघालेल्या मालाच्या इतिहासातूनच त्या मालाविरुद्ध पुरावा निघावा, असा हा योग होता.

३ सप्टेंबर २००१ हा सोमवार अमेरिकेत कामगारदिनाच्या सुटीचा होता. त्या रात्री दोन्ही कंपन्यांनी एकत्र येण्याचा करार जाहीर केला. व्यवहार रोखीचा नव्हता. कॉम्पॅकच्या प्रत्येक शेअरमागे ह्यूलेट-पॅकार्डचा ०.६३२५ शेअर द्यावयाचा होता. आधीच्या शुक्रवारी ह्यूलेट-पॅकार्डचा भाव २३.२१ डॉलर होता, त्यावरून कॉम्पॅकच्या एका शेअरची किंमत १४.६८ डॉलर ठरत होती. कॉम्पॅकचा स्वतःचा भाव १२.३५ डॉलर होता, म्हणजे सुमारे १९ टक्के अधिक मोल दिले जात होते. सर्व मिळून व्यवहाराचा आकडा २५ अब्ज डॉलरांच्या घरात जात असे, आणि वृत्तपत्रांनी तोच मथळ्यात छापला.

मंगळवारी बाजार उघडला तेव्हा ह्यूलेट-पॅकार्डचा भाव एका दिवसात १८.८७ डॉलरांवर आला. ही घट जवळजवळ १९ टक्क्यांची होती. कंपनीचे सुमारे १ अब्ज ९४ कोटी शेअर ध्यानी घेता भागधारकांच्या मत्तेतून आठ अब्ज डॉलरांहून अधिक रक्कम त्या दिवशी कागदावर नाहीशी झाली. विकल्या जाणाऱ्या कंपनीचा भाव अशा वेळी सहसा चढतो. परंतु कॉम्पॅकचाही दहा टक्क्यांनी उतरून ११.०८ डॉलरांवर आला. ह्यूलेट-पॅकार्डच्या नव्या भावाने कॉम्पॅकच्या शेअरची किंमत ११.९४ डॉलर होत होती. हा आकडा कॉम्पॅकच्या शुक्रवारच्या भावाहूनही कमी होता. देऊ केलेले अधिक मोल चोवीस तासांच्या आतच विरून गेले.

शेअरच्या अदलाबदलीने होणारा व्यवहार डॉलरांत मोजणे किती फसवे असते, हे यावरून दिसते. शुक्रवारच्या भावाने तो २५ अब्जांचा होता. मे २००२ मध्ये तो प्रत्यक्ष पुरा झाला तेव्हा त्याचे मोल सुमारे १९ अब्ज भरले. भागधारकाच्या दृष्टीने खरी किंमत निराळीच होती. एकत्रित कंपनीचे ६४ टक्के जुन्या ह्यूलेट-पॅकार्डच्या भागधारकांकडे राहावयाचे व ३६ टक्के कॉम्पॅकच्या भागधारकांकडे जावयाचे होते. ह्यूलेट-पॅकार्डच्या नफ्याचा प्रमुख आधार प्रिंटर व त्यांत लागणारी शाई हा होता. संगणकाच्या धंद्यात नफा तुटपुंजा वा उणा असे. तेव्हा जुन्या भागधारकाने प्रिंटरांच्या दुभत्या धंद्यातील आपल्या वाट्याचा तिसऱ्या हिश्शाहून अधिक भाग देऊन संगणकाच्या ओढगस्तीच्या धंद्यात वाटा घ्यावयाचा, असा हा सौदा होता. वॉल्टर ह्यूलेट यांच्या विरोधाचा गाभा हाच होय. श्रीमती फिओरिना यांचे उत्तर असे की, प्रिंटरांवर कायम विसंबून राहता येणार नाही. मोठ्या ग्राहकांस संगणक, साठवणीची यंत्रे व सेवा एकाच ठिकाणी पुरवील अशी कंपनी उभारली नाही तर आय.बी.एम. व डेल यांच्यात आपण चिरडले जाऊ. आणि एकत्रीकरणाने वर्षाकाठी अडीच अब्ज डॉलरांचा खर्च वाचेल. या बचतीत सुमारे १५,००० नोकऱ्यांची कपात गृहीत होती.

आता ४ सप्टेंबरच्या भावाकडे पुन्हा वळणे इष्ट आहे. त्या दिवशीची विक्री हा गुंतवणूकदारांचा कौल मानला गेला. परंतु त्या विक्रीतील एक मोठा वर्ग असा होता की, ज्यास या व्यवहाराच्या बऱ्यावाईटाशी कर्तव्यच नव्हते. दोन भावांतील अंतरावर नफा मिळविणारे हे व्यावसायिक होत. कॉम्पॅकचा एक शेअर ११.०८ डॉलरांस घ्यावयाचा आणि त्याच वेळी ह्यूलेट-पॅकार्डचे ०.६३२५ शेअर उसने आणून ११.९४ डॉलरांस विकावयाचे. व्यवहार पुरा झाला की कॉम्पॅकच्या शेअरबदली मिळणाऱ्या शेअरने उसने फेडावयाचे, आणि ८६ सेंट खिशात घालावयाचे. व्यवहार मोडला तर नुकसान सोसावयाचे. असा मनुष्य ह्यूलेट-पॅकार्डचा शेअर विकतो तो त्या कंपनीविषयी वाईट मत झाल्यामुळे नव्हे. व्यवहार पार पडेल असा त्याचा अंदाज असतो. त्याच्या विक्रीने भाव मात्र उतरतोच, आणि उतरलेला भाव वाचणारास त्यात नापसंतीच दिसते. सारी घट अशा विक्रीमुळे झाली असे कोणी म्हणणार नाही. खरोखरीचे असमाधान मोठे होते, आणि कॉम्पॅकचा भावही उतरला याचा उलगडा या हिशेबाने होत नाही, कारण हे लोक कॉम्पॅकचे विकत घेणारे असतात. परंतु एका आकड्यात दोन वेगळे अर्थ मिसळलेले आहेत व ते नंतर वेगळे काढता येत नाहीत, हे मान्य करावे लागते.

एका आठवड्याने ११ सप्टेंबरचे हल्ले झाले. बाजार १७ तारखेपर्यंत बंद राहिला, आणि उघडल्यावर सर्वच शेअर कोसळले. त्यानंतरच्या सहा आठवड्यांतील भावांवरून या एका व्यवहाराविषयी काही निष्कर्ष काढणे व्यर्थ आहे.

६ नोव्हेंबर २००१ रोजी विल्यम ह्यूलेट यांचे पुत्र व कंपनीचे संचालक वॉल्टर ह्यूलेट यांनी आपण व आपल्या घराण्याचे न्यास या विलीनीकरणाविरुद्ध मत देणार असल्याचे जाहीर केले. त्या दिवशी ह्यूलेट-पॅकार्डचा भाव १६.८९ डॉलरांवरून १९.८१ डॉलरांपर्यंत, म्हणजे १७ टक्क्यांनी चढला, आणि कॉम्पॅकचा साडेपाच टक्क्यांनी उतरला. विरोधकांनी हा चढ आपल्या बाजूचा कौल म्हणून वर्षभर दाखविला. तो कौल नव्हताच असे म्हणणे अन्यायाचे होईल. परंतु वर सांगितलेला हिशेब येथेही लागू पडतो. व्यवहार मोडण्याची शक्यता दिसताच उसने विकलेले शेअर परत घेण्याची धांदल उडते, आणि भाव त्यामुळेही चढतो.

वॉल्टर ह्यूलेट यांच्या विरोधात एक अडचणीची गोष्ट होती. संचालक मंडळाने विलीनीकरणास एकमताने संमती दिली तेव्हा त्या एकमतात त्यांचेही मत होते. याचे स्पष्टीकरण त्यांनी असे दिले की, कंपनीचे कायदेविषयक सल्लागार लॅरी सॉन्सिनी यांच्याशी त्यांचे बोलणे झाले होते. आपण विरोध केला तरी व्यवहार होणारच, आणि मंडळातील फूट पाहून कॉम्पॅक अधिक किंमत मागेल, असे त्यावरून त्यांना वाटले. म्हणून संचालक या नात्याने त्यांनी होकार भरला व भागधारक या नात्याने विरोध करण्याचा आपला हक्क राखून ठेवला. या उत्तराने कंपनीचे समर्थक हसले. पण येथे विचारात घेतलेल्या प्रश्नासाठी ही घटना मार्मिक आहे. एकच मनुष्य एकाच व्यवहाराविषयी, विचारला जाणारा प्रश्न बदलला म्हणून, दोन उत्तरे देतो, आणि दोन्ही प्रामाणिक असू शकतात. जानेवारी २००२ मध्ये कंपनीने भागधारकांस लिहिलेल्या पत्रात वॉल्टर यांचा उल्लेख संगीतकार व पंडित असा केला. वादनाचा व्यासंग असलेल्या त्या सौम्य गृहस्थास व्यापारातले काय कळते, असा त्याचा ध्वनी होता. हे पत्र कंपनीस फारसे शोभले नाही.

७ डिसेंबर रोजी पॅकार्ड प्रतिष्ठानाने बूझ ॲलन या सल्लागार पेढीचे मत घेऊन विरोधात उभे राहण्याचे ठरविले. दोन्ही घराणी आता एका बाजूस होती. अठरा टक्के मते विरुद्ध गेलेली असताना उरलेल्या ब्याऐंशी टक्क्यांत स्पष्ट बहुमत मिळविणे कंपनीस भाग होते. तेथून पुढचे तीन महिने अमेरिकेच्या व्यापारी इतिहासातील सर्वांत खर्चिक मुखत्यारमतांच्या लढतींपैकी एक चालली. सभेस न येणारा भागधारक आपले मत पत्राने पाठवी. कंपनीचे पत्र पांढरे असे व वॉल्टर ह्यूलेट यांचे हिरवे. एकाच भागधारकाने कितीही पत्रे पाठविली तरी अखेरच्या तारखेचे ग्राह्य धरले जाई. त्यामुळे एकेका कुटुंबाच्या घरी आठवड्यास नवनवी पांढरी व हिरवी पत्रे येत, आणि मत देऊन झालेल्यांचीही मनधरणी चालूच राही. सेवानिवृत्त कर्मचाऱ्यांपैकी पुष्कळांकडे शेअर होते. संस्थापकांच्या काळातील कंपनीची आठवण त्यांना होती, आणि नोकरकपातीची धास्ती त्यांच्या मुलांना व शेजाऱ्यांना होती. त्यांच्यात विरोधाचा सूर प्रबळ होता. या मतांस भावनेची मते म्हणून बाजूस सारण्याची रीत आहे. ज्यांची पुंजी, निवृत्तिवेतन व गाव एकाच कंपनीत गुंतलेले असतात, त्यांची धोक्याविषयीची समज शंभर कंपन्यांत पैसा विखुरलेल्या निधीच्या समजेपेक्षा वेगळी असते. ती कमी सयुक्तिक असते असे नाही.

निकाल मात्र मोठ्या निधींच्या हाती होता. त्यांच्यापैकी अनेकजण इन्स्टिट्यूशनल शेअरहोल्डर सर्व्हिसेस या सल्लागार संस्थेचा अभिप्राय प्रमाण मानीत. ५ मार्च २००२ रोजी या संस्थेने विलीनीकरणाच्या बाजूने कौल दिला. संचालक मंडळाने निर्णय विचारपूर्वक घेतला आहे व दोन कंपन्या जोडण्याची तयारी कसून केली आहे, यावर तिचा भर होता. दुसरीकडे कॅलिफोर्नियाच्या सरकारी नोकरांच्या निवृत्तिवेतन निधीने, ज्यास कॅलपर्स म्हणतात, विरुद्ध मत देण्याचे ठरविले. दोन्ही संस्था दुसऱ्यांच्या पैशाच्या राखणदार होत्या, दोघींपुढे कागदपत्रे तीच होती, आणि उत्तरे उलट आली.

अनेक निधींच्या बाबतीत आणखी एक गोष्ट होती. त्यांच्याकडे ह्यूलेट-पॅकार्डचेही शेअर होते व कॉम्पॅकचेही. घेणाऱ्याने अधिक किंमत दिली तर अशा निधीचा पैसा एका खिशातून दुसऱ्यात जातो. ह्यूलेट व पॅकार्ड घराण्यांना दुसरा खिसा नव्हता. मॅटवॉस व ऑस्ट्रॉव्हस्की या संशोधकांनी २००८ साली प्रसिद्ध केलेल्या लेखात अमेरिकेतील अनेक विलीनीकरणांच्या मतदानाची छाननी करून दाखविले की, घेणाऱ्या कंपनीच्या भागधारकांचे नुकसान करणाऱ्या व्यवहारांसही असे दुहेरी भागधारक अनुकूल मत देण्याकडे अधिक झुकतात. तथापि येथे या कारणावर फार भार टाकणे योग्य नव्हे. घोषणेच्या दिवशी कॉम्पॅकचाही भाव उतरला होता, म्हणजे दुहेरी भागधारकाचे त्या दिवशी दोन्हीकडून नुकसानच झाले.

अधिक बलवत्तर कारण कालाशी निगडित दिसते. सप्टेंबरात बाजारास विचारला गेलेला प्रश्न असा होता : हा व्यवहार करावा काय? त्याचे उत्तर नकारार्थी आले. मार्चमध्ये मतदारापुढचा प्रश्न निराळा होता : जाहीर झालेला, सहा महिने तयारी झालेला हा व्यवहार आता मोडावा काय? तो मोडला तर मुख्याधिकारी व संचालक मंडळ टिकणे कठीण होते, कॉम्पॅक एकटी व दुबळी राहणार होती, ग्राहक साशंक झालेले होते, आणि वॉल्टर ह्यूलेट यांच्याकडे कंपनी चालविणारी दुसरी मंडळी तयार नव्हती. सप्टेंबरात ज्याने हा व्यवहार मूर्खपणाचा मानला, त्याने मार्चमध्ये त्यास मत दिले तर त्यात विसंगती नाही. शिवाय सप्टेंबरातील विक्रेता मार्चमध्ये मतदार उरलाच नव्हता. त्याचे शेअर उतरलेल्या भावाने घेणाऱ्याचे मत त्याच भावापासून सुरू होत होते. ज्यांची नापसंती सर्वांत तीव्र, ते सर्वांत आधी विकून निघून जातात. मतपेटीशी त्यांचा संबंध राहत नाही. घराणी व न्यास विकून गेले नाहीत, म्हणूनच एवढा विरोध मतांत उतरू शकला.

१९ मार्च २००२ रोजी कूपर्टिनो येथील फ्लिंट सेंटरमध्ये सभा भरली. वॉल्टर ह्यूलेट यांचे सभेने उभे राहून स्वागत केले आणि श्रीमती फिओरिना यांना हुर्यो सोसावी लागली. सभागृहातील हवा एकीकडे होती व पत्राने आलेली मते दुसरीकडे. त्याच दिवशी श्रीमती फिओरिना यांनी थोड्या परंतु पुरेशा आधिक्याने आपण जिंकल्याचे जाहीर केले. दुसऱ्या दिवशी कॉम्पॅकच्या भागधारकांनी सुमारे नव्वद टक्के मतांनी संमती दिली, याचे कोणास आश्चर्य वाटले नाही. ह्यूलेट-पॅकार्डच्या मतांची मोजदाद काही आठवडे चालली. एप्रिलमध्ये जाहीर झालेल्या प्राथमिक आकड्यांप्रमाणे अनुकूल सुमारे ८३ कोटी ८४ लाख व प्रतिकूल सुमारे ७९ कोटी ३१ लाख मते पडली. प्रमाण ५१.४ विरुद्ध ४८.६ असे होते, आणि घराण्यांचे अठरा टक्के प्रतिकूल मतांतच मोजलेले आहेत. ते वगळले तर उरलेल्या मतदारांत व्यवहारास मोठे बहुमत होते, असे समर्थक म्हणत. विरोधकांचे म्हणणे असे की, मुख्याधिकारी, संचालक मंडळ व सल्लागार संस्था अशी सगळी यंत्रणा एका बाजूस असताना जवळजवळ निम्मी मते विरुद्ध पडणे हाच खरा निकाल आहे. दोन्ही विधाने आकड्यांस धरून आहेत.

२८ मार्च रोजी वॉल्टर ह्यूलेट यांनी डेलावेअरच्या चॅन्सरी न्यायालयात दावा लावला. डॉइचे बँकेच्या निधिविभागाकडे ह्यूलेट-पॅकार्डचे सुमारे अडीच कोटी शेअर होते व त्यांची मते आधी विरुद्ध टाकलेली होती. सभेच्या दिवशी सकाळी श्रीमती फिओरिना व वॉल्टर ह्यूलेट या दोघांशी दूरध्वनीवर बोलणे झाल्यावर त्यांतील सुमारे एक कोटी सत्तर लाख मते फिरली. कंपनीने बँकेस व्यवसायाचे आमिष अथवा धाक दाखविला, असा आरोप होता. सभेच्या दोन दिवस आधी श्रीमती फिओरिना यांनी अर्थाधिकारी रॉबर्ट वेमन यांच्यासाठी दूरध्वनीवर ठेवलेला, या मतांसाठी काहीतरी असाधारण करावे लागेल अशा अर्थाचा निरोप एका वृत्तपत्राच्या हाती लागून प्रसिद्धही झाला. एप्रिलच्या अखेरीस सुनावणी होऊन ३० तारखेस चॅन्सलर विल्यम चॅन्डलर यांनी आरोप सिद्ध झाला नाही असा निर्णय दिला. वॉल्टर ह्यूलेट यांनी तेथेच लढा थांबविला, आणि ३ मे २००२ रोजी विलीनीकरण पुरे झाले.

यातील गणित मात्र पाहण्याजोगे आहे. फिरलेली एक कोटी सत्तर लाख मते पुन्हा विरुद्ध बाजूस मोजली तरी अनुकूल ८२ कोटी १४ लाख व प्रतिकूल ८१ कोटी १ लाख होतात. व्यवहार तरीही सव्वा कोटीहून किंचित कमी मतांनी संमतच होतो. म्हणून डॉइचे बँकेने निकाल फिरविला, हा पुष्कळदा ऐकू येणारा समज टिकत नाही. बँकेचे वर्तन मात्र निर्दोष नव्हते. याच बँकेचा दुसरा विभाग या व्यवहारात मोबदला घेऊन ह्यूलेट-पॅकार्डचे काम करीत होता, आणि मोबदल्याचा काही भाग व्यवहार यशस्वी होण्यावर अवलंबून होता. ही गोष्ट ज्यांचा पैसा होता त्या ग्राहकांस न सांगितल्याबद्दल अमेरिकेच्या रोखे-आयोगाच्या कारवाईत बँकेच्या निधिविभागास ऑगस्ट २००३ मध्ये साडेसात लाख डॉलरांचा दंड झाला. ज्या मतास गुंतवणूकदाराचे मत म्हणून मोजावयाचे, ते पैसा असणाऱ्याचे की पैसा सांभाळणाऱ्याचे, हा प्रश्न या दंडाने नोंदला गेला, सुटला नाही.

पुढील काळाने कोणाचे म्हणणे खरे ठरविले, याविषयी ठाम निर्णय देण्याचा मोह टाळणे कठीण आहे, आणि बहुतेक लेखकांनी तो टाळलेला नाही. फेब्रुवारी २००५ मध्ये संचालक मंडळाने श्रीमती फिओरिना यांना दूर केले तेव्हा शेअरचा भाव सुमारे सात टक्क्यांनी चढला आणि विरोधकांस समाधान वाटले. मार्क हर्ड यांच्या कारकीर्दीत २००६ साली कंपनीची उलाढाल आय.बी.एम.हून अधिक झाली, वैयक्तिक संगणकांच्या विक्रीत तिने डेललाही मागे टाकले, आणि समर्थकांनी तेच आकडे पुढे केले. ऑगस्ट २०१२ मध्ये कॉम्पॅक या नावाचे हिशेबातील मोल १.२ अब्ज डॉलरांनी कमी करण्यात आले. १ नोव्हेंबर २०१५ रोजी कंपनीचे दोन भाग झाले. प्रिंटर व वैयक्तिक संगणक एकत्र राहिले, आणि मोठ्या ग्राहकांसाठीची यंत्रे व सेवा वेगळ्या कंपनीत गेल्या. वॉल्टर ह्यूलेट यांना जो संयोग नको होता तो टिकला, आणि श्रीमती फिओरिना यांनी ज्यासाठी कॉम्पॅक घेतली ती सर्वसमावेशक कंपनी टिकली नाही.

याच कंपनीने दहा वर्षांनी केलेल्या दुसऱ्या संपादनाशी तुलना केली असता पुराव्याचा भेद अधिक स्पष्ट होतो. १८ ऑगस्ट २०११ रोजी तिने ब्रिटनमधील ऑटोनॉमी ही सॉफ्टवेअर-कंपनी दर शेअरास २५.५० पौंड, म्हणजे एकूण सुमारे ११ अब्ज डॉलर रोख देऊन घेण्याचे जाहीर केले. नवे शेअर काढावयाचे नसल्यामुळे ह्यूलेट-पॅकार्डच्या भागधारकांचे मत घेण्याचे कारणच उरले नाही. पांढरी पत्रे निघाली नाहीत व हिरवीही नाहीत. दुसऱ्या दिवशी भाव सुमारे २० टक्क्यांनी कोसळला. परंतु त्याच दिवशीच्या घोषणेत वैयक्तिक संगणकांचा धंदा वेगळा काढण्याचा विचार, नुकताच बाजारात आणलेला टचपॅड बंद करण्याचा निर्णय आणि उत्पन्नाचा खाली आणलेला अंदाज, हे सारे एकत्र होते. मुख्याधिकारी लिओ ॲपोथेकर यांना पुढच्याच महिन्यात जावे लागले, ऑक्टोबरात संगणकांचा धंदा ठेवून घेण्याचे ठरले, आणि नोव्हेंबर २०१२ मध्ये ऑटोनॉमीपोटी ८.८ अब्ज डॉलर हिशेबातून कमी करण्यात आले. १९ ऑगस्टच्या घसरणीपैकी किती भाग ऑटोनॉमीच्या किमतीमुळे होता, हे सांगणारी मतांची नोंद मात्र कोठेही नाही.